शेवटच्या नळापासून विहिरीपर्यंत : गावच्या पिण्याच्या पाण्याची देखरेख कशी करावी

महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान गावांची पाणीपुरवठ्याची व्यवस्था साधारण एकाच साच्यातली असते. ओढ्याकाठी किंवा पाझर तलावाच्या खालच्या अंगाला एक सार्वजनिक विहीर, नाहीतर एक-दोन विंधन विहिरी. तिथून मोटारीने पाणी उंच टाकीत चढते, टाकीतून वाहिनीने गावठाणात आणि वाड्यावस्त्यांवर जाते, आणि वाहिनी जिथे पोहोचत नाही तिथे हातपंप असतो. अशा योजनेवर शहरातल्यासारखे शुद्धीकरण केंद्र नसते. जमिनीतून जे पाणी वर येते ते, आणि त्यात जंतू मारण्यासाठी पडणारी टीसीएल (ब्लिचिंग) पावडर, एवढ्या दोनच गोष्टींवर गावाच्या पोटाचे आरोग्य अवलंबून असते. म्हणूनच इथे यंत्रांपेक्षा देखरेख करणाऱ्या माणसांना महत्त्व जास्त आहे.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा सदस्य, जलसुरक्षक, चाचणी संच हाताळायला शिकलेली बचत गटातली ताई किंवा आपल्या नळाला काय येते याची चौकशी करू पाहणारा साधा ग्रामस्थ, यांपैकी कोणालाही करता येईल अशी एक पद्धत पुढे मांडली आहे. पाहणीला आलेली मंडळी सहसा विहिरीपासून सुरुवात करतात, टाकीखाली फोटो काढतात आणि चहा घेऊन परततात. माझे म्हणणे असे की उलटे चालावे. गावातल्या सर्वांत शेवटच्या नळापासून निघावे आणि पाण्याच्या वाटेने मागे मागे विहिरीपर्यंत जावे. शेवटच्या नळावर मिळणारा आकडा ठीक असेल, तर मागचे बहुतेक सारे ठीक असते. आणि तो ठीक नसेल, तर दोष कुठे शोधायचा हे त्या आकड्यावरूनच कळू लागते.

शेवटचा नळ आणि ओटी चाचणी

शेवटचा नळ म्हणजे नकाशावरचा शेवटचा नव्हे, तर पाणी सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी दाबाने पोहोचते तो. तो कुठे आहे हे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला नेमके ठाऊक असते, आणि त्या घरातल्या बाईला तर त्याहून जास्त. पाणी सुटण्याच्या वेळी तिथे जावे. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, कारण सुरुवातीला येते ते वाहिनीत रात्रभर साचलेले पाणी असते. मग संचातली काचेची नळी त्याच पाण्याने विसळून खुणेपर्यंत भरावी, तीत संचावर सांगितले असतील तितके ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोल्युडिनचे, थेंब टाकावेत आणि रंग तबकडीशी ताडून पाहावा. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. जितके गडद पिवळे तितके जास्त.

इथे एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा असतो. मुक्त क्लोरीनमुळे रंग लगेच येतो, तर अमोनियासारख्या पदार्थांशी बांधला गेलेला, जंतू मारण्यात फारच मंद असलेला क्लोरीन पाच-दहा मिनिटांनी हळूहळू रंग दाखवतो. नळी हातात धरून गप्पा मारत राहिले, की निरुपयोगी क्लोरीनसुद्धा समाधानकारक पिवळा दिसू लागतो. ओटीची बाटली उन्हात पडलेली असेल किंवा तिची मुदत संपलेली असेल, तर त्या चाचणीला काही अर्थ नाही. चाचणी झालेले पाणी गटारात टाकावे, भांड्यात परत ओतू नये आणि हात धुवावेत, कारण हे रसायन अंगाला बरे नव्हे. अलीकडच्या संचांत ओटीऐवजी डीपीडी या रसायनाची गोळी किंवा पावडर मिळते आणि पाण्याला गुलाबी रंग येतो. मिळत असेल तर तीच वापरावी.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्यात मुक्त अवशिष्ट क्लोरीन दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५ मिलिग्रॅम. गावात जुलाब-उलट्यांचे रुग्ण दिसू लागले की हा ०.५ चा आकडा धरून चालावे.

आता नोंदवहीकडे येऊ. एका गावात (गाव कोणते याने काही फरक पडत नाही) मी तीन महिन्यांची ओटी नोंदवही चाळली होती. प्रत्येक दिवशी ०.२, एकाच शाईत, एकाच वळणात. मधल्या नऊ दिवसांत गावची मोटार जळाली होती आणि टँकरने पाणी आले होते; त्या नऊ दिवशीही वहीत नळाच्या पाण्याला ०.२ होते. लिहिणारा माणूस वाईट नव्हता. शून्य लिहिले तर आपल्यालाच जाब विचारला जाईल, एवढेच त्याला कळले होते. जिथे कधीच शून्य लागत नाही त्या नोंदवहीवर विश्वास ठेवू नये, आणि शून्य लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला रागावू नये. समितीने पहिल्याच बैठकीत हे त्याला तोंडी आणि लेखी, दोन्ही प्रकारे सांगून टाकावे. नोंदीत तारीख, वेळ, नळ कोणाच्या दारचा, वाचन आणि वाचणाऱ्याची सही एवढे असले की पुरते.

दोन वाचने आणि मधली वाहिनी

शेवटच्या नळावरून उठून तडक टाकीच्या पायथ्याशी जावे आणि तिथल्या नळाचे पाणी त्याच पद्धतीने तपासावे. या दोन वाचनांतला फरक खूप काही सांगतो. टाकीखाली ०.५ आणि शेवटच्या नळावर ०.२ किंवा ०.३ असेल, तर योजना चांगली चालली आहे. दोन्हीकडे शून्य असेल, तर पावडर पडलेली नाही, कमी पडली आहे किंवा पावडरीतच दम नाही. टाकीखाली भरपूर आणि शेवटी शून्य असेल, तर मात्र वाटेत कुठेतरी घाण शिरते आहे असे समजून वाहिनी पायी फिरून पाहावी. अशा वेळी टाकीत पावडर वाढवत बसणे हा सोपा, पण चुकीचा उपाय आहे, कारण गळतीच्या जागेतून आत आलेले गटाराचे पाणी जास्त क्लोरीनही खाऊन टाकते आणि टाकीजवळच्या घरांना तेवढा वास सहन करावा लागतो.

गावात पाणी दिवसातून तासभर किंवा दिवसाआड येते, आणि बहुतेक दोषाचे मूळ इथेच आहे. पाणी चालू असताना वाहिनीतून बाहेर गळते. बंद झाले की वाहिनी रिकामी होताना त्याच फटीतून बाहेरचे आत ओढले जाते. त्यात एखाद्या घराने नळाला थेट मोटार लावली असेल तर ओढ आणखी वाढते. म्हणून फिरताना तीन जागा बारकाईने पाहाव्यात. पहिली, व्हॉल्व्हचे चेंबर : झाकण उघडून आत पाणी साचले आहे का आणि ते कशाचे आहे हे पाहावे, कारण सांडपाण्यात बुडालेला व्हॉल्व्ह हा अनेक साथींचा उगम ठरला आहे. दुसरी, गटार ओलांडणाऱ्या घरजोडण्या : अर्ध्या इंची नळी गटारातून गेलेली असते आणि तिच्या जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते. तिसरी, तोटी नसलेले नळ, विशेषतः जमिनीत खड्डा करून खाली बसवलेले. दाब कमी म्हणून लोक खड्डा खणतात आणि पाणी गेल्यावर त्या खड्ड्यातले पाणी नळातून मागे जाते. या तीनही गोष्टींना पैसा फार लागत नाही. लागते ते शेजाऱ्याला तोंडावर सांगण्याचे धैर्य, आणि तेच गावात महाग पडते.

टाकी

टाकीवर रंगाने लिहिलेले असते : टाकी धुतल्याचा दिनांक, पुन्हा धुण्याचा दिनांक. हे दिनांक खडूने किंवा ताज्या रंगाने अलीकडे बदललेले दिसतात का ते पाहावे, आणि मग शक्य असल्यास वर चढून झाकण उघडावे. झाकण नीट बसते का, ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला जाळी आहे का, आत पक्ष्यांची पिसे किंवा शेवाळ आहे का, आणि तळाशी गाळाचा थर किती आहे, एवढे पुरे. टाकी धुताना गाळ काढून, भिंती ब्रशने घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुऊन ते पहिले पाणी वॉशआउटमधून सोडून द्यावे. बंद टाकीत एकट्या माणसाला कधीही उतरवू नये, आणि आत माणूस असताना पावडर कालवू नये. क्लोरीनच्या वाफेने क्षणात घुसमट होते.

टीसीएल : पोते, माप आणि बादली

आता सगळ्यांत जास्त दुर्लक्षित, पण सगळ्यांत जास्त हिशेबी भागाकडे येऊ. टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, ताजी आणि चांगली असते तेव्हा तीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. हवा, ओल आणि ऊन लागले की तो उडून जातो, आणि पावडर दिसायला मात्र तशीच पांढरी राहते. २० टक्क्यांहून कमी क्लोरीन असलेली पावडर पाणी शुद्धीकरणाला योग्य मानली जात नाही. म्हणून नवा साठा आला की त्यातला नमुना घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवालातली टक्केवारी पोत्यावरच मार्करने लिहावी. उघडलेले पोते प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर, फळीवर ठेवावे. आणि ते पंपघरात ठेवू नये : टीसीएलच्या वाफेने स्टार्टरचे संपर्कबिंदू, तारा आणि पत्रा गंजतो, आणि मग सहा महिन्यांनी मोटार का जळते याचे कोडे सुटत नाही.

मात्रेचे गणित अवघड नाही. एक हजार लिटर पाण्याला दर लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा असेल, तर एकूण १ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर त्यासाठी ३ ग्रॅम, २५ टक्क्यांची असेल तर ४ ग्रॅम आणि २० टक्क्यांची असेल तर ५ ग्रॅम पावडर घ्यावी. म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला २५ टक्क्यांची पावडर २०० ग्रॅम लागेल. विहिरीत थेट टाकायची असेल तर आधी पाणी किती आहे ते काढावे : व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग ०.७८५ ने गुणावे, म्हणजे घनमीटर मिळतात. त्याला हजाराने गुणले की लिटर. ६ मीटर व्यासाच्या आणि ४ मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे १,१३,००० लिटर पाणी असते, आणि तिला २५ टक्क्यांची पावडर सुमारे ४५० ग्रॅम लागते. हीच विहीर मे महिन्यात दीड मीटरवर येते आणि ऑगस्टमध्ये काठोकाठ भरते, पण पावडर मात्र बाराही महिने त्याच ओंजळीने पडते. पावसाळ्यात, म्हणजे जेव्हा धोका सर्वाधिक असतो तेव्हाच, मात्रा सर्वांत अपुरी पडते ती अशी.

हे गणित केवळ सुरुवातीपुरते आहे. पाण्यातले सेंद्रिय पदार्थ, लोह आणि अमोनिया आधी क्लोरीन खातात आणि उरलेला जंतूंच्या कामी येतो, त्यामुळे प्रत्येक स्रोताची भूक वेगळी असते. ती मोजण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात हॉरॉक्सचे उपकरण असते, एक काळा आणि सहा पांढरे पेले असलेले. ते न मिळाल्यास वरच्या हिशेबाने पावडर टाकावी, शेवटच्या नळावर वाचन घ्यावे, आणि ०.२ मिळेपर्यंत दर दिवशी थोडी थोडी वाढवत जावे. तीन-चार दिवसांत आपल्या गावचा आकडा हाती येतो. तो भिंतीवर लिहून ठेवावा, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा ताडून पाहावा.

पावडर कोरडीच विहिरीत भिरकावणे ही सर्वत्र दिसणारी पद्धत आहे आणि ती जवळजवळ वाया जाते, कारण गुठळ्या तळाला जाऊन बसतात. योग्य रीत अशी : एका प्लास्टिकच्या बादलीत जास्तीत जास्त १०० ग्रॅम पावडर घ्यावी, थोडे पाणी घालून लाकडी दांड्याने पेस्ट करावी, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे तशीच ठेवावी. चुना खाली बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत अलगद ओतून घ्यावे, आणि ती बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी हलवावी, म्हणजे द्रावण सगळीकडे पसरते. खाली उरलेला चुना पाण्यात टाकू नये. टाकीत द्यायचे असल्यास टाकी साधारण पाव भरल्यावर द्रावण ओतावे, म्हणजे वरून पडणाऱ्या पाण्याने ते आपोआप मिसळते. टाकी पूर्ण भरल्यावर ओतलेले वरच्या थरात तरंगते. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य तर तासभर, पाणी सोडू नये. विहिरीचे काम रात्री, उपसा थांबल्यावर करणे सर्वांत सोयीचे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्यावे, कारण गढूळपणात जंतू क्लोरीनपासून लपून राहतात.

देखरेख करणाऱ्याने एक साधा ताळा अवश्य करून पाहावा. दररोज २०० ग्रॅम म्हणजे महिन्याला ६ किलो; २५ किलोचे पोते चार महिन्यांत संपायला हवे. साठा नोंदवहीत तेच पोते वर्षभर पुरलेले दिसत असेल, तर ओटी नोंदवहीतले सगळे ०.२ कुठून आले हे विचारायला जागा आहे. हा ताळा करायला रसायनशास्त्र लागत नाही. गावातल्या दुकानदाराला तो चटकन समजतो, म्हणून समितीत एखादा तरी हिशेबाचा माणूस घ्यावा.

प्रयोगशाळेतले नमुने

ओटी चाचणी रोजची. पण तिच्यावरून पाण्यात काय आहे ते कळत नाही, फक्त क्लोरीन उरला आहे एवढे कळते. त्यासाठी प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून किमान एकदा आणि जैविक तपासणी दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, व्हावी अशी अपेक्षा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत ती होते. जल जीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या संचाने आम्लता, काठिण्य, नायट्रेट, फ्लोराईड यांचा अंदाज मिळतो, आणि जैविक चाचणीच्या छोट्या बाटलीतले पाणी एक-दोन दिवसांत काळे पडले तर विष्ठेतल्या जंतूंचा संशय घ्यावा लागतो.

नमुना घेण्याच्या दोन रीती एकमेकांच्या अगदी उलट आहेत आणि नेहमी उलटापालट होतात. रासायनिक तपासणीचा कॅन त्याच पाण्याने तीन वेळा विसळून काठोकाठ भरायचा असतो. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र मुळीच विसळायची नसते, कारण तीत क्लोरीनचा प्रभाव थांबवणारे सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते. ते धुतले गेले तर प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो. नळाचे तोंड पुसून, ज्योतीने तापवून, पाणी वाहू देऊन, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरावी, वर थोडी जागा ठेवावी, बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी रवाना करावी. एसटीच्या टपावर दुपारभर तापलेल्या बाटलीचा अहवाल कोणाच्याच उपयोगाचा नाही.

नमुने नेणारे पुष्कळ असतात, आरोग्य सेवक, जलसुरक्षक, कधी जिल्हा परिषदेचे पथक. परत येणारे अहवाल मात्र फार थोडे दिसतात. म्हणून नमुना देतानाच त्याचा क्रमांक वहीत लिहून घ्यावा आणि पंधरा दिवसांत अहवाल आला नाही तर लेखी मागावा. जैविक अहवाल ‘पिण्यास अयोग्य’ आला, की बहुतेक ठिकाणी जास्त पावडर टाकून दुसरा नमुना पाठवतात आणि तो ‘योग्य’ आला की फाइल बंद होते. पहिल्या अहवालाचे कारण तसेच राहते. दोन नमुन्यांच्या मध्ये कोणीतरी वाहिनी फिरून पाहिली का, हे समितीच्या इतिवृत्तात यायला हवे. आयएस १०५०० च्या मानकात १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय मुळीच आढळता कामा नये. इथे थोडेसे चालेल अशी सवलत नाही.

विहीर आणि तिचा शेजार

आपण उलटे चालत आता स्रोतापाशी आलो. राज्याचा मोठा भाग बेसाल्टचा आहे, आणि बेसाल्टमधले पाणी वाळूतल्यासारखे गाळून येत नाही. ते भेगांतून आणि मुरमातून येते, काही ठिकाणी फारच वेगाने. कोकणातल्या जांभ्याच्या पोकळ्यांत तर पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी विहिरीचा रंग बदलतो. त्यामुळे शौचालयाचा खड्डा विहिरीपासून १५ मीटर दूर असावा हा पुस्तकी नियम किमान समजावा, पुरेसा समजू नये. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर अंतर जास्तच हवे. गेल्या दहा वर्षांत घरोघरी शौचालये आणि सांडपाण्याचे शोषखड्डे झाले. दोन्ही कामे चांगली, पण त्यांच्या जागा ठरवताना सार्वजनिक विहीर कुठे आहे हे फारसे कोणी पाहिले नाही. समितीने एका कागदावर विहीर मध्ये धरून भोवतीचे खड्डे, उकिरडे, गोठे आणि गटारे दाखवणारा हातनकाशा काढावा. तासाभराचे काम आहे, आणि ग्रामसभेत भिंतीवर लावल्यावर त्याचा जो परिणाम होतो तो दहा भाषणांनी होत नाही.

विहिरीचे बांधकाम वरून साधारण ६ मीटर खोलीपर्यंत पाणी न झिरपणारे असावे, कठडा असावा, भोवती किमान एक मीटर रुंदीचा सिमेंटचा ओटा बाहेरच्या बाजूला उतार देऊन केलेला असावा आणि सांडलेले पाणी दूर नेणारी नाली असावी. वर जाळी असावी. विंधन विहिरीचा केसिंग पाइप जमिनीच्या वर उठलेला आणि तोंड बंद असले पाहिजे. हातपंपाचा कट्टा तडकलेला असेल, तर तिथे धुतलेली भांडी, कपडे आणि जनावरे यांचे पाणी त्या तड्यातून सरळ बोअरमध्ये उतरते. सिमेंटच्या एका घमेल्यात हे काम होते आणि वर्षानुवर्षे होत नाही.

हेच सारे मुद्दे वर्षातून दोनदा होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात तपासले जातात आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. कार्ड कोणत्या रंगाचे आहे यापेक्षा सर्वेक्षणाच्या अर्जावर कोणत्या प्रश्नाला ‘होय’ लागले हे विचारावे. दुरुस्तीची यादी तिथे आयती तयार असते. ही समिती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली नेमलेली असते, म्हणजे तिला नुसता सल्ला देण्यापलीकडे काम करता येते. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर १९९३ च्या कायद्याने बंधन आणले, आणि पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला. बोअरची गाडी गावात शिरली की हे आठवण्यापेक्षा आधी आठवलेले बरे.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या भागात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, आणि एकाएकी त्या बाजूच्या विहिरीच्या पाण्यातला क्लोरीन किती याची चर्चा सुरू झाली. महानगराच्या काठावरचीही वस्ती विहिरीवर असते, आणि तिथेही प्रश्न ०.२ चाच असतो.

क्लोरीनने न सुटणारे दोष

काही दोषांपुढे टीसीएल कुचकामी आहे. नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. शेतातले युरिया, गोठे आणि शौचालयांचे खड्डे यांतून तो भूजलात उतरतो, आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतो. फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावा असे मानक सांगते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांना त्याचा त्रास आहे, आणि मुलांच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी पट्टे ही त्याची पहिली खूण. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षारच इतके असतात की जिभेलाच कळते. इथे एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा : पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट आणि फ्लोराईड जात नाहीत, पाणी आटते तसे त्यांचे प्रमाण उलट वाढते. फ्लोराईडसाठी नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडरीची नालगोंडा पद्धत आहे, किंवा आरओ संयंत्र आहे. पण आरओचे टाकाऊ पाणी त्याच विहिरीशेजारी सोडलेले मी पाहिले आहे. जिथे जमेल तिथे दुसरा, कमी खोलीचा किंवा दूरचा निर्दोष स्रोत पिण्यासाठी वेगळा ठेवावा, आणि सदोष पाणी धुण्या-भांड्याला वापरावे.

हे लोकांना कळवणे हाही देखरेखीचाच भाग आहे. रासायनिक अहवालात अयोग्य ठरलेल्या हातपंपाला लाल रंग द्यावा, ‘पिण्यासाठी नाही’ असे त्यावर ठळक लिहावे, दवंडी द्यावी आणि त्या वस्तीवर तान्ही मुले असलेल्या घरी आशाताईंनी स्वतः जाऊन सांगावे. जैविक दोष असलेल्या किंवा पुरात बुडालेल्या हातपंपाचे काम वेगळे : पाणी ओसरल्यावर आधी गढूळपणा जाईपर्यंत उपसा करावा, मग बोअरमध्ये दर लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम पडेल इतके क्लोरीनचे द्रावण ओतून रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकावे, दोन-तीन दिवसांनी पहिला आणि आठवड्याने दुसरा जैविक नमुना पाठवावा, आणि दोन्ही अहवाल निर्दोष येईपर्यंत पंपाचा दांडा काढून ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावा.